नळीखालची नावं : लिएजपासून झूलपर्यंत

रविवार, लिएज

दुनळी बंदुकीवर ठळक अक्षरांत जे नाव असतं ते बहुतेक वेळा विकणाऱ्याचं. कुडाळच्या आमच्या घरच्या बारा बोअरवर, दोन नळ्यांमधल्या पट्टीवर, मुंबईच्या एका दुकानाचं नाव आहे आणि तेही अर्धं झिजलेलं. पुढचा दस्ता काढून नळ्या उलट्या केल्या की खरी माहिती दिसायला लागते. अंडाकृतीत ई-एल-जी ही अक्षरं (बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या चाचणीची खूण), वर मुकुट, शेजारी खांबाचा बारीक शिक्का, ताऱ्याखाली एक अक्षर. नळीच्या अंगावर ‘आसिए कॉकरिल’, म्हणजे बेल्जियमच्या कॉकरिल कारखान्याचं पोलाद. मावसभावाच्या बंदुकीवर याच जागी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं आहेत आणि खाली क्रुप, एसेन, म्हणजे जर्मनीतल्या क्रुप कारखान्याचं पोलाद.

माझी सगळी नोकरी भोसरीला टूलरूममध्ये बोअरिंग मशीनपाशी गेली. त्यामुळे या बंदुकांनी किती डुकरं पाडली यापेक्षा त्यांचं पोलाद कुठून आलं आणि पाऊण मीटर लांबीचं ते भोक सरळ पाडलं कोणी, हे मला नेहमी छळत आलं. भाची जर्मनीत आखेनला धातुशास्त्र शिकते, तिथून लिएज अगदी हाकेच्या अंतरावर. बंदुका परवान्यासकट घरी ठेवल्या, शिक्क्यांचे फोटो मोबाइलमध्ये घेतले आणि निघालो.

म्यूज नदीच्या काठावर कुर्तिउसची उंच, लालभडक इमारत आहे. जाँ कुर्तिउस हा सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा दारूगोळ्याचा बडा व्यापारी. त्याच्या वाड्यात आज शहराचं संग्रहालय आहे आणि १८८५ साली सुरू झालेला शस्त्रसंग्रहही त्यातच सामावलेला आहे. चांदीकाम, हस्तिदंत वगैरे मी भराभर मागे टाकलं. शस्त्रांपाशी मात्र भाचीनं दोनदा घड्याळ दाखवलं तरी पाय हलेनात.

इथं उलगडलेली पहिली गोष्ट म्हणजे लिएजच्या बंदूक-धंद्याची रीत. एकोणिसाव्या शतकातला इथला ‘कारखानदार’ म्हणजे बरेचदा एक कचेरी आणि एक गोदाम. नळ्या व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यातून यायच्या, चापाची यंत्रणा दुसऱ्या गावातून, दस्ता तिसरीकडून, नक्षीवाला चौथ्या गल्लीत. माल एका घरातून दुसऱ्या घरी फिरायचा आणि शेवटी कारखानदार आपलं नाव टाकायचा. गिऱ्हाइकानं सांगितलं तर त्याचंही नाव टाकायचा. अमेरिकेत ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ या इंग्रजी वळणाच्या नावानं विकल्या गेलेल्या कितीतरी स्वस्त दुनळ्या मुळात इथल्याच. मुंबईच्या दुकानाचं नाव आमच्या बंदुकीवर कसं चढलं, ते इथं समजलं.

सोमवार, व्हेस्द्रचं खोरं

सकाळी आधी फों-दे-ताव रस्त्यावरच्या चाचणीगृहाशी गेलो. लिएजच्या राजा-बिशपनं (इथं धर्मगुरूच राज्य करायचा) १६७२ साली हुकूम काढला, की इथल्या प्रत्येक नळीची चाचणी झालीच पाहिजे. ते काम आजही चालू आहे. नळीत नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरायचा, उडवायचा, आणि नळी फुगली-फाटली नाही तर शिक्का. खांबासारखा दिसणारा शिक्का म्हणजे पेरों, लिएजच्या चौकातला दगडी स्तंभ, शहराच्या स्वातंत्र्याची खूण. ताऱ्याखालचं अक्षर त्या दिवशीच्या तपासनिसाचं. ई-एल-जीवर मुकुट १८९३पासून आला आणि वर्षाचं अक्षर १९२२पासून मारू लागले. आमच्या नळीवर मुकुट आहे, वर्षाक्षर नाही. म्हणजे ती या दोन सालांच्या मधली, आणि मधली चार वर्षं जर्मन ताब्यात गेली हे धरलं तर बहुधा १९१४च्या आधीची.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. चाचणीगृह नळी तपासतं, पोलादाचं नाव तपासत नाही. ‘आसिए’च्या पुढे कोणता शब्द टाकायचा हे नळी करणारा आणि बंदूक विकणारा ठरवायचे. म्हणून जुन्या बंदुकांवर स्पेशल, कॉम्प्रिमे, एक्सेल्सिअर असली भारदस्त नावं भरपूर सापडतात आणि त्यातल्या सगळ्यांच्या मागे भट्टी उभी असतेच असं नाही. कॉकरिल आणि क्रुपच्या मागे मात्र ती उभी होती, म्हणून तर मी निघालो.

व्हेस्द्रच्या काठानं जाणारी गाडी शोफोंतेन, त्रोझ, फ्रेपों, नेसोनव्हो अशी थांबत जाते. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना झाडी, तळाशी नदी, रस्ता आणि रूळ एकमेकांना खेटून. जुलै २०२१च्या महापुरानं हे खोरं उद्ध्वस्त केलं. अजूनही काही घरांच्या तळमजल्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत, आणि एका भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. ज्या नदीनं इथले घण आणि बोअरिंगची चाकं पिढ्यान्‌पिढ्या फिरवली, तिनंच हे केलं. आम्हा कोकणातल्या माणसांना नदीचं हे दुसरं रूप नवीन नाही. चिपळूणला त्याच जुलैत पाणी शिरलं होतं. भाची काही बोलली नाही, रेघेचा फोटोही तिनं काढला नाही.

नेसोनव्होला ज्यांना भेटायचं होतं ते गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. आजोबा नळ्या करायचे, वडिलांनी वेगळा धंदा धरला. भाची फ्रेंच बोलायची, मी मराठीत विचारायचो, आणि यंत्राची नावं आली की आम्हा दोघा म्हाताऱ्यांना दुभाष्याची गरजच उरायची नाही.

त्यांनी मागच्या खोलीतून एक तुकडा आणला. वीतभर लांबीचा, अर्धवट राहिलेला. एका टोकाला चौकोनी पिळलेल्या सळया वेगवेगळ्या दिसतात, मधे त्या एकमेकींना जोडून पट्टी झालेली, आणि दुसऱ्या टोकाला ती पट्टी काठीला चिंधी गुंडाळावी तशी गजाभोवती वळलेली. दमास्कस नळी कशी होते ते सगळं त्या एका तुकड्यात होतं. लोखंड आणि पोलादाच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचायच्या, तापवून एकजीव करायच्या, ओढून सळई करायची, लाल असतानाच तिला पीळ द्यायचा. अशा दोन, तीन, चार सळया शेजारी ठेवून पुन्हा जोडायच्या, पट्टी वळायची आणि वळ्याला वळं घणानं सांधायचं. भट्टीवर तिघं लागायचे, एक मुख्य लोहार आणि दोन घणवाले. शेवटी आम्लात बुडवली की लोखंड आणि पोलाद वेगवेगळे रंग घेतात आणि वेलबुट्टी उमटते. बुट्ट्यांची नावं बर्नार, क्रोल अशी, आणि अमेरिकेच्या बाजारासाठी चक्क बोस्टन आणि वॉशिंग्टन.

आपल्याकडे अशा नळीला सर्रास ‘हिंदुस्थानी वुट्झ पोलादाची’ म्हणतात. तसं नाही. वुट्झमधली लहर पोलाद मुशीत थंड होताना आतूनच तयार होते. इथली लहर हातांनी पिळून, सांधून आणलेली. दोन्ही थोर कला आहेत, पण वेगळ्या.

मग त्यांनी भिंतीवरची एक सुटी पोलादी नळी काढली आणि मला खिडकीपाशी नेलं. खिडकीच्या काचेवर आडवी काळी पट्टी चिकटवलेली होती. “आत बघा,” म्हणाले. नळी डोळ्याला लावून पट्टीकडे धरली, की आतल्या चकचकीत भिंतीवर पट्टीच्या सावलीची रेघ पडते. नळी सावकाश फिरवत राहायची. रेघ तलवारीच्या धारेइतकी सरळ राहिली तर भोक सरळ, कुठे वाकली तर तिथं नळी वाकडी. मग ऐरणीवर नेमकी ती जागा धरून तांब्याच्या हातोडीचा एक ठोका, आणि पुन्हा खिडकी. मी आयुष्यभर डायल गेज वापरलं. ती रेघ दिसली तेव्हा अंगावर काटा आला, कारण डोळ्याला ती काही शतांश मिलिमीटरचा वाक सरळ दाखवते.

“आजोबांना पोलादाचा राग होता का हो?” मी विचारलं.

“राग? छे. हातांना आराम मिळाला,” ते म्हणाले. “फक्त दोन घणवाल्यांचं काम गेलं.”

१८८०-९०च्या पुढे खोऱ्यात भरीव पोलादी कांबी यायला लागल्या. सांधायचं काही नाही, थेट मधून भोक पाडायचं. दमास्कसमध्ये सांध्यात राख अडकली तर तिथं खड्डा पडायचा आणि कितीही मेहनत घेतलेली नळी टाकून द्यावी लागायची. एकसंध पोलादात ती धास्तीच नव्हती. शिवाय बिनधुराची दारू आली, तिचा दाब वेगळा, आणि गिऱ्हाईक पोलादच मागू लागलं. १९१४मध्ये जर्मन फौजा आल्या, निर्यात थांबली. युद्धानंतर दमास्कस करणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. नळ्या मात्र याच घरांत, याच नदीवर होत राहिल्या, कॉकरिलच्या नाहीतर क्रुपच्या कांबीतून. म्हणजे ‘आसिए कॉकरिल’ लिहिलेली आमची नळी कॉकरिलनं केलेली नाहीच. कॉकरिलनं कांब दिली, नळी कोणीतरी या दरीत कोरली आणि तिच्या बुडाशी दोन अक्षरं ठोकली. ती दोन अक्षरं मी त्या गृहस्थांना फोटोत दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “हाताला वळण चांगलं होतं, ठोका एकदम सरळ आहे.”

मंगळवार, सरें

लिएजहून बसनं म्यूजच्या काठाकाठानं सरेंला. जॉन कॉकरिल हा लँकेशरमध्ये जन्मलेला इंग्रज. बाप यंत्रं बनवणारा, बेल्जियमला येऊन स्थिरावलेला. १८१७ साली राजा-बिशपांच्या सरेंच्या उन्हाळी राजवाड्यात जॉननं कारखाना घातला. खाण, झोत भट्टी, ओतशाळा, यंत्रशाळा सगळं एकाच कुंपणात, हे त्या काळी युरोपच्या मुख्य भूमीवर नवलच होतं. १८३५ला ‘ल बेल्ज’ हे आगगाडीचं इंजिन इथं तयार झालं. १८६३ला बेल्जियममधलं पहिलं बेसेमर पोलादही, म्हणजे वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून केलेलं, इथंच निघालं.

नगरपालिकेसमोर कॉकरिलचा पुतळा आहे आणि पायथ्याशी कामगारांच्या मूर्ती. मालकाच्या पुतळ्याखाली कामगारांनाही जागा मिळालेली पाहून बरं वाटलं. सरेंची सहा नंबरची झोत भट्टी २००८ला कायमची थंड झाली आणि २०१६ला पाडली. आता तिथं मोकळं मैदान आणि आभाळ. कंपनी मात्र आहे. तिची एक शाखा आपल्या तळोज्याला पोलादाच्या पत्र्याची यंत्रं करते, हे भाचीला मी सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना.

दुपारी तिच्या विद्यापीठातल्या एका जुन्या ग्रंथात मला हवा असलेला धागा सापडला. बेसेमरच्या भट्टीला फॉस्फरस काढता येत नाही, आणि फॉस्फरस राहिला की पोलाद थंडीत काचेगत फुटतं. लक्झेंबर्ग-लोरेनचं जवळचं, स्वस्त खनिज फॉस्फरसनं भरलेलं. मग चांगलं खनिज आणायचं कुठून? उत्तर स्पेनमधल्या बिलबावजवळच्या सोमोरोस्त्रोच्या डोंगरातून. १८७६ साली तिथं फ्रेंच-बेल्जियन खाण कंपनी उभी राहिली, तिच्यात कॉकरिल भागीदार. आणि त्याच डोंगरात १८७३ला स्थापन झालेल्या ओर्कोनेरा कंपनीत दोन ब्रिटिश कारखान्यांच्या बरोबर भागीदार होता क्रुप.

रेडीच्या खाणीतून उतरणारे लाल मातीचे ट्रक बघत मी लहानाचा मोठा झालो. खनिज बोटीत भरून दुसऱ्या देशाला जातं आणि पोलाद म्हणून तिसऱ्याच देशात वापरलं जातं, हे आमच्या रोजच्या पाहण्यातलं. पण शेजारच्या दोन गावांत भिंतीला टांगलेल्या दोन बंदुका, एक बेल्जियन, एक जर्मन, आणि दोघींच्या पोलादवाल्यांचा हात बास्क प्रदेशातल्या एकाच डोंगरात, हे वाचल्यावर मी ते पान पुन्हा वाचून काढलं.

बुधवार, एसेन

आखेनहून थेट गाडी. स्टेशनवरून शहर पाहिलं तर क्रुपचा कारखाना कुठे आहे हे समजत नाही, कारण युद्धात बॉम्बनी आणि युद्धानंतर विजेत्यांनी तो जवळजवळ पुसून टाकला. एका जुन्या शेडचं पुढे नाट्यगृह झालं. जुन्या कारखान्याच्या काही जागेवर आता बाग आणि तळं.

फ्रिडरिश क्रुपनं १८११ला ओतीव पोलादाचा उद्योग काढला आणि तो जवळपास बुडाल्यावर पोरसवदा आल्फ्रेडनं तो उभा केला. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यानं दोन टनांहून जड असा एकच ओतीव पोलादी ठोकळा ठेवला आणि इंग्लंडमधल्या शेफील्डचे पोलादवाले थक्क झाले. त्यातली करामत माणसांच्या शिस्तीची होती. मुशीत जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलो पोलाद मावतं. मोठा ठोकळा ओतायचा तर अशा कितीतरी मुशी दोन-दोन माणसांनी चिमट्यात धरून एकामागोमाग, धार न तोडता साच्यात रिकाम्या करायच्या. एक जोडी अडखळली तर आतला थर गोठतो आणि ठोकळा वाया. तीन वर्तुळं म्हणजे रेल्वेच्या चाकांवर चढवायच्या बिनसांध्याच्या धावा, आल्फ्रेडचा पैसा देणारा शोध. १८७५ला ती व्यापारचिन्ह म्हणून नोंदली. मावसभावाच्या बंदुकीवरची वर्तुळं तोफेची नसून आगगाडीच्या चाकांची आहेत.

व्हिला ह्यूगल हे क्रुप घराण्याचं निवासस्थान, १८७३ला पुरं झालेलं. त्या दालनांपेक्षा मला बाजूच्या छोट्या इमारतीतलं कारखान्याच्या इतिहासाचं प्रदर्शन महत्त्वाचं वाटलं. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यांत वेठीला धरलेल्या परदेशी माणसांकडून, युद्धकैद्यांकडून आणि छळछावणीतल्या बायकांकडून काम करून घेतलं. १९४८ला न्यूरेंबर्गमध्ये कारखान्याचा तेव्हाचा मालक आल्फ्रीड क्रुपला त्यासाठी बारा वर्षांची शिक्षा झाली आणि तीन वर्षांतच तो सुटला. आपल्या घरातली नळी त्याआधीची आहे म्हणून हे पान उलटून पुढे जाणं मला पटत नाही. पोलादाचं कौतुक करायला आलेल्यानं हेही उभं राहून वाचावं.

गुरुवार, व्हिटेन आणि पुढे

रूर नदीकाठचं व्हिटेन वाटेवरच. १८५४ला बेर्गर कंपनीनं इथं ओतीव पोलाद करायला सुरुवात केली आणि बंदुकीच्या नळ्यांसाठी नाव कमावलं. पुढे जर्मन शिकारी बंदुकांवर ‘व्हिटेनर एक्सेल्सिअर’ हे नाव दिसतं ते इथलं. टेकडीवरचं बेर्गर स्मारक चढून पाहिलं, खाली पोलादाचा कारखाना अजून धुरावतो आहे. क्रुपचं नाव जगभर झालं आणि व्हिटेनचं फक्त बंदूकवाल्यांना ठाऊक राहिलं. नळीच्या पोलादापुरतं बोलायचं तर हे गाव त्याच पंगतीत बसायला हवं.

उरलेला दिवस गाडीत. एर्फुर्टला गाडी बदलली. ओबरहोफच्या अलीकडे १८८४चा तीन किलोमीटर लांब बोगदा, आणि बाहेर पडल्यावर दाट सूचिपर्णी जंगल.

शुक्रवार, झूल

झूल हे जर्मनीतलं बंदूकवाल्यांचं जुनं गाव. त्याच्या बाजारचौकात राजा नाही, सेनापती नाही, शस्त्रं घडवणाऱ्या लोहाराचा पुतळा आहे. शस्त्रसंग्रहालय एका जुन्या लाकडी चौकटीच्या माल्टघरात (बिअरसाठी धान्याला मोड आणायची जागा). इथले बंदुकांचे कारखाने, झाउअर १७५१चा, हेनेल १८४०चा, झिमझोन १८५६चा, मेर्केल १८९८चा, सगळ्यांच्या बंदुका ओळीनं. झिमझोन हे ज्यू कुटुंब. नाझींनी १९३५-३६मध्ये कारखाना त्यांच्याकडून हिसकावला आणि कुटुंबाला देश सोडावा लागला.

मावसभावाची बंदूक झाउअरची. शिक्क्यांचे फोटो मी तिथल्या एका जाणकार बाईंपुढे ठेवले. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं एकेक शिक्का वाचून दाखवला. मुकुटाखाली यू म्हणजे तपासणी झाली. मुकुटाखाली एस म्हणजे छर्ऱ्यांची नळी. डब्ल्यू म्हणजे तोंडाशी आवळलेली. एन म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी, आणि तो शिक्का १९११पासून. वर्तुळात बारा, म्हणजे बारा बोअर. शेवटी दोन आकडे, ११ आणि २७, म्हणजे नोव्हेंबर १९२७. जर्मनीत चाचणीचा कायदा १८९१ला झाला आणि १८९३ला लागू झाला, त्यामुळे इथली नोंद लिएजइतकी जुनी नाही, पण वाचायला सोपी.

“आणि ही अक्षरं?” तीन वर्तुळांच्या मागे, दोन नळ्या जुळतात तिथं, दोन बारीक अक्षरं होती.

“नळी कोरणाऱ्याची,” त्या म्हणाल्या. “क्रुपनं कांब पाठवली, झाउअरनं बंदूक जोडली. मधलं काम याचं.”

मी त्यांना लिएजच्या नळीवरची दोन अक्षरंही दाखवली. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे केले आणि ठोक्याची खोली बघायला लागल्या. संग्रहालय बंद व्हायला अजून दीड तास होता. भाचीनं वही काढली, बाईंनी कपाटातून झूलच्या नळीवाल्यांची यादी आणली, आणि आम्ही तिघं पहिल्या अक्षरापासून शोधायला बसलो.